कायद्याने बंदी होती, तेव्हा ती मॅटवर उतरली

बायकांनी कुठले खेळ खेळायचे नाहीत याची यादी एखादं सरकार काढतं, हे वाचून आज हसू येईल. पण ब्राझीलमध्ये अशी यादी खरंच निघाली होती.

१९४१ साली गेतुलियो वार्गास यांच्या राजवटीत खेळांबाबत एक हुकूम निघाला. त्याच्या ५४व्या कलमात लिहिलं होतं की बायकांच्या 'निसर्गाशी' न जुळणारे खेळ त्यांना खेळू दिले जाणार नाहीत. कुठले खेळ, ते मोघमच ठेवलं. मग १९६५ मध्ये, लष्कराच्या राज्यात, तिथल्या राष्ट्रीय क्रीडा मंडळाने नावंच जाहीर करून टाकली. कुठल्याही प्रकारची झुंज, फुटबॉल, वॉटर पोलो, रग्बी, वजन उचलणं, बेसबॉल. ज्या देशात गल्लीबोळात फुटबॉल, त्या देशातल्या अर्ध्या माणसांना चेंडूला पाय लावायची मनाई! आणि ही बंदी एक-दोन वर्षं नाही, पार १९७९ पर्यंत कागदावर होती.

आता साल लक्षात ठेवा. १९७८. बंदी अजून उठलेली नाही. रिओ दि जानेरोमध्ये ओस्वाल्दो आल्वेस या गुरूंच्या तालमीत एक मुलगी जिउ-जित्सू शिकायला येते. सोबत भाऊ, पास्कोआल. मुलीचं नाव इव्होनी दुआर्ते. घर मूळचं पार उत्तरेकडच्या रोराइमा भागातलं.

जिउ-जित्सू म्हणजे काय, हे आपल्या कुस्तीवाल्यांना दोन वाक्यांत सांगतो. आपल्याकडे पाठ टेकली की चितपट, विषय संपला. तिथे पाठ टेकली की खरा खेळ सुरू होतो. खाली पडलेला माणूस पायांनी वरच्याला अडकवतो, त्याचा हात किंवा मान पकडीत घेतो, आणि समोरच्याने हाताने थाप मारून 'सोड' म्हटलं की डाव संपला. मित्सुयो माएदा नावाचे जपानी मल्ल १९१४ मध्ये ब्राझीलला आले, पुढे बेलेम शहरात राहिले. त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकले आणि मग त्या ग्रेसी घराण्याने ही विद्या वाढवली. त्यांचा सगळा दावा एकच, की अंगाने बारीक माणूससुद्धा नुसत्या युक्तीने धिप्पाड माणसाला हरवू शकतो. म्हणजे हिशेबाने बघितलं तर ही विद्या सगळ्यात आधी बायकांना शिकवायला हवी होती. पण हा साधा हिशेब त्या काळात कुणाच्या डोक्यात आला नाही, की येऊन गप्प बसले, देव जाणे. खुद्द ग्रेसी घरातल्या मुलींनाही स्पर्धेत उतरायला प्रोत्साहन नव्हतं.

त्याच सुमारास ज्युदोवाल्यांचा एक किस्सा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७९ मध्ये उरुग्वेच्या माँटेव्हिडिओत दक्षिण अमेरिकेची स्पर्धा होती. ब्राझीलच्या संघातून चार मुली गेल्या, पण कागदावर त्यांची नावं पुरुषांची! जाऊन पदकं घेऊन आल्या. सरकारी मंडळाने खुलासा मागितला, पण मुलींच्या हातात पदकं असताना बंदीचं समर्थन कसं करणार? त्याच वर्षी १९६५ ची यादी रद्द झाली.

आता सगळं सुरळीत झालं असेल, असं वाटेल. तसं नाही झालं. बंदी उठली म्हणून कुणी बायकांसाठी स्पर्धा थोड्याच भरवतं? सरकारी ठराव एका दिवसात रद्द होतो, पण संघटनेच्या फॉर्मवर बायकांचा रकाना यायला वर्षं जातात. इव्होनी सराव करत राहिल्या, पट्टे बदलत गेले, पण खेळायचं कुठं? १९८५ मध्ये रिओत बायकांची स्पर्धा झाली, तेव्हा कुठे मॅटवर उतरून जिंकायची सोय झाली. शिकायला लागल्यापासून सात वर्षांनी.

१९९० मध्ये त्यांना काळा पट्टा मिळाला. या खेळात तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. पुढे त्या राजधानी ब्रासीलियात गेल्या आणि शिकवू लागल्या. माझ्या मते त्यांचं मोठं काम हेच. पदकं मोजता येतात, पण बाईच्या हाताखाली शिकलेला मुलगा पुढे तालमीत बाईला बघून नाक मुरडत नाही, त्याची नोंद कुठे होत नाही.

जागतिक स्पर्धा १९९६ पासून सुरू झाली, पण तिथेही बायकांचा गट आला तो १९९८ मध्ये. कायरा ग्रेसी, त्याच घराण्यातली मुलगी, पुढे जगज्जेती झाली आणि २००६ मध्ये काळा पट्टा बांधला. तोवर इव्होनींच्या पट्ट्याला सोळा वर्षं झाली होती.

काळ्या पट्ट्याच्या वर लाल-काळा पट्टा असतो, त्याला कोरल म्हणतात. तो कुणाला हरवून मिळत नाही. नियमाप्रमाणे काळ्या पट्ट्यानंतर किमान ३१ वर्षं जावी लागतात. १९९० मध्ये ३१ मिळवा. २०२१ साली इव्होनी दुआर्ते यांना तो मिळाला, आणि इथेही बायकांत पहिल्या त्याच. एक वर्षसुद्धा इकडंतिकडं नाही.