बालविकास, प्रारंभिक बौद्धिक : आनुवंशिकता व परिस्थिती

जन्मापासून पहिल्या काही वर्षांत मुलाची भाषा, स्मरण, अवधान व आकलन यांची जी वाढ होते, ती जनुके आणि परिस्थिती यांच्या परस्परक्रियेतून. यात जनुकांचा वाटा किती व परिस्थितीचा किती, हे एकेका मुलापुरते सांगता येत नाही, कारण जनुकाचा परिणाम परिस्थितीतूनच प्रकट होतो. फिनिलकीटोन्यूरिया हा विकार पूर्णतः आनुवंशिक आहे. तरीही जन्मतःच निदान होऊन फिनिलॲलनीन कमी असलेला आहार मिळाल्यास तीव्र मतिमंदत्व टळते.

परिस्थितीचा परिणाम महाराष्ट्राच्या अनुभवातही दिसतो. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ मध्ये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे सुरू झाले. महाराष्ट्रात दोन वर्षांखालील खुरटलेल्या (वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या) मुलांचे प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे ३९ टक्के होते. २०१२ च्या पाहणीत ते २४ टक्क्यांच्या आसपास आले. या घटीचे सगळे श्रेय मिशनला देता येणार नाही; परंतु इतक्या अल्पावधीत लोकांची जनुके बदलत नाहीत, बदलली ती परिस्थितीच. उंची म्हणजे बुद्धी नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर जमैकातील प्रयोगात सापडते. किंग्स्टन येथे १९८६-८७ मध्ये १२९ खुरटलेली मुले निवडून त्यांपैकी काहींच्या घरी दोन वर्षे दर आठवड्याला आरोग्यसेविका जात आणि मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे हे आईला दाखवत. अशा भेटी मिळालेली मुले बावीस वर्षांची झाली तेव्हा त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक होती; नुसत्या पूरक आहाराचा असा टिकाऊ लाभ दिसला नाही. औरंगाबाद व यवतमाळ जिल्ह्यांत अंगणवाड्यांमार्फत सुरू झालेला ‘आरंभ’ उपक्रम याच दिशेचा आहे. पोषणासोबत पालकांचा मुलाशी खेळ व संवाद वाढवण्यावर त्याचा भर आहे.

जुळ्यांच्या अभ्यासांत बुद्ध्यंकाची आनुवंशिकता बरीच भरते व वयानुसार वाढते, मग एवढा खटाटोप कशाला, असा दुसरा आक्षेप घेतला जातो. मात्र आनुवंशिकतेचा आकडा विशिष्ट समाजातील व्यक्तींमधल्या फरकांचे मोजमाप आहे. सुधारणेची मर्यादा तो सांगत नाही. एरिक टर्कहायमर व सहकाऱ्यांना २००३ मध्ये अमेरिकेतील गरीब घरांतील मुलांत हा आकडा शून्याजवळ, तर संपन्न घरांत मोठा आढळला. पश्चिम युरोपातील अभ्यासांत असा फरक दिसला नाही. तेथील सामाजिक संरक्षण हे त्याचे एक संभाव्य कारण मानतात. म्हणून मराठवाड्यातील सर्व बालकांना पुरेसे पोषण व संवाद मिळू लागल्यावर आनुवंशिकतेचा आकडा वाढला, तर ते अंगणवाडीचे अपयश ठरणार नाही. परिस्थितीतील विषमता घटल्याची ती खूण असेल.