स्मशानाचा कायदा आणि गांवची वहिवाट

छत्रपति संभाजीनगरचा परिसर मृतांच्या स्मारकांविषयीं प्रसिद्ध आहे. शहरांत बीबीका मकबरा, आणि खुलताबादेस औरंगजेब व मलिक अंबर यांच्या कबरी. पातशहा अगर वजीर यांना मेल्यावर जागेची वाण पडली नाहीं. ती याच प्रदेशांत गांवकुसाबाहेरच्या माणसास मात्र पिढ्यान् पिढ्या पडत आली. तिजविषयींच आम्हांस लिहावयाचें आहे.

इंग्रजी अमलांत सरकारची नजर स्मशानाकडे वळली ती वस्तीच्या आरोग्यासाठीं. १८५५ मध्यें मुंबईचें सोनापूर शिवडीकडे हलविण्याचा घाट घातला गेला, तो नाना शंकरशेट यांनीं हाणून पाडला. पुढें १८८८ च्या मुंबई महापालिकेच्या कायद्यानें दहनदफनाच्या जागांची नोंद सक्तीची केली व परवानगीवांचून नवी जागा काढण्यास मनाई केली. याच धर्तीचीं कलमें १९४९ च्या प्रांतिक महापालिका कायद्यांत आलीं, आणि १९८२ मध्यें औरंगाबादेस महानगरपालिका होतांच या शहरास लागू झालीं. १९६९ च्या जन्ममृत्यु नोंदणी कायद्यानें स्मशानाच्या रखवालदारावरहि मृत्यूची खबर देण्याचें कर्तव्य टाकलें. जागा, रोग आणि नोंदवही! सरकारी दृष्टि बहुधा एवढ्यांतच फिरत राहिली.

खेड्यांतील गोष्ट निराळी होती. मौतीचा सांगावा परगांवीं पोचविणें व सरणास लाकूड पुरविणें हें बलुतेदारीच्या रीतीनें महाराचें काम. मढ्यावरचें कापड हा त्याचा हक्क. ज्यानें वाहिलेल्या लाकडांवर गांवची चिता पेटे, त्याचें स्वतःचें प्रेत मात्र त्या जागीं चालत नसे.

म्हणून १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा हाच आम्ही या विषयांतील खरा मोठा कायदा समजतों. नद्या, विहिरी व पाणवठे यांच्या पंक्तीस त्यानें दहनभूमि व दफनभूमि बसविल्या, आणि अस्पृश्यतेच्या कारणानें तेथें अटकाव करणारास सहा महिनेपर्यंत कैद अगर पांचशें रुपयेपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली. पैकीं पाणवठ्यासाठीं बाबा आढावांनीं पुढें 'एक गांव, एक पाणवठा' ही चळवळ उभारली. स्मशानाच्या वांट्यास तेवढें भाग्य आलें नाहीं.

या कायद्यांत एक फट आहे. अटकाव केला तर गुन्हा. परंतु जातवार स्मशानें आधींच वेगळीं असलीं म्हणजे अटकाव करण्याची वेळच येत नाहीं. कोणी अडवीत नाहीं, कोणी फिर्याद करीत नाहीं, वहिवाट सुखानें नांदते. मराठवाड्यांतील कित्येक गांवीं हें आजहि दिसतें. कोठें वस्तीला स्मशानाची जागाच नसते, कोठें वाट दुसऱ्याच्या शेतांतून जाते, शेतकरी आडवा येतो, आणि मग प्रेत तहसिलीच्या दारांत ठेवण्याची पाळी येते. सरकार पत्र्याच्या शेडसाठीं अनुदान देतें. ती शेड कोणत्या स्मशानांत आधीं उभी राहते, हें सांगावयास नकोच.

संविधानाच्या राज्यसूचींतील दहावी नोंद दफनभूमि व दहनभूमि यांची आहे. गांवाचें सार्वजनिक स्मशान एकच असावें, असा कायदा करावयाचा तर तो राज्याच्या विधिमंडळास करतां येईल. त्यासाठीं दिल्लीच्या तोंडाकडे पाहावें लागणार नाहीं.