नाव झाकले ते का? ताराबाई शिंदे आणि रखमाबाई

१/ २६ जून १८८५. 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहाच्या दुष्परिणामांवर एक पत्र प्रसिद्ध झाले. खाली नाव नव्हते. होती फक्त 'एक हिंदू स्त्री' अशी सही. लेखिकेने नाव झाकले होते, कारण तिच्यावर तिच्या नवऱ्याने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावलेला होता.

२/ ती लेखिका म्हणजे रखमाबाई. लग्न अकराव्या वर्षी झाले, पण त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत. आई जयंतीबाई व सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी त्या वाढल्या. १८८४ मध्ये दादाजी भिकाजी यांनी पत्नीचा ताबा मागितला. हे पत्र नावानिशी छापले असते, तर ते एका पक्षकाराचे गाऱ्हाणे ठरले असते. निनावी असल्याने ते असंख्य स्त्रियांचे म्हणणे म्हणून वाचले गेले.

३/ तीनच वर्षे आधी वऱ्हाडात याच्या उलट घडले होते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री पुरुष तुलना' हा निबंध स्वतःच्या नावाने छापला. अमरावती, अकोला, बुलढाणा हा सारा मुलूख तेव्हा निजामाचा, पण कारभार इंग्रजांचा. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक विचारांचे होते आणि ताराबाईंचे पती घरजावई होते. माहेरचे छप्पर डोक्यावर असल्यानेच नाव उघड करण्याचे धाडस परवडले असावे.

४/ तरीही किंमत मोजावी लागलीच. निबंधावर टीकेची झोड उठली. जोतीराव फुले यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. निबंध विस्मरणात गेला तो १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत.

५/ इकडे २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्या. पिन्ही यांनी दादाजींचा दावा फेटाळला. अपिलात तो निर्णय फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी हुकूम दिला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. मग दादाजींनी पुस्तिका छापून घरगुती तपशील चव्हाट्यावर मांडले आणि रखमाबाईंनाही वृत्तपत्रातूनच उत्तर द्यावे लागले. वाद कायद्याचा होता. चर्चा मात्र एका स्त्रीच्या खासगी आयुष्याची झाली.

६/ १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई लंडनला गेल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या.

७/ आज अकोल्यात वा अमरावतीत छळणाऱ्या जोडीदाराला पुस्तिका छापावी लागत नाही. बायकोच्या मोबाइलचा पासवर्ड, लोकेशन आणि चॅट हाती असले की पुरे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. स्त्रीच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा असून त्यात नवऱ्याला वेगळी सूट नाही. पण जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने पत्नीचे चोरून केलेले रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालेल, असे म्हटले. १८८५ चा प्रश्न अजून मिटलेला नाही.

८/ रखमाबाईंनी आधी आडोसा शोधला, मग तोंड उघडले. तोच क्रम आजही उपयोगी आहे. घाईने पासवर्ड बदलला तर पाळत ठेवणाऱ्याला चाहूल लागते. म्हणून आधी विश्वासातल्या माणसाचा फोन वापरावा, पुरावे सुरक्षित ठेवावेत, १८१ या महिला हेल्पलाइनशी बोलावे आणि मगच खाती बंद वा वेगळी करावीत. नाव झाकणे म्हणजे भित्रेपणा नव्हे. कधीकधी बोलता येण्याची ती पहिली अट असते.