जुन्या कोटाची नवी बेतणी : ब्रिटनमधील वापरलेल्या कोट-जाकिटांच्या फेरबदलाचा इतिहास (विशेष संदर्भ : १९४१ ते १९४९)

प्रस्तावना

वस्त्रांचा इतिहास हा बहुधा नव्या वस्त्रांचा इतिहास म्हणून लिहिला गेला. गिरण्या, यंत्रमाग, निर्यात, राजदरबारचे पोशाख यांवर विपुल लेखन झाले. परंतु एकाच्या अंगावरून उतरलेला कोट दुसऱ्याच्या अंगावर कसा बसविला गेला, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने उशिरा वळले. बेव्हर्ली लेमायर यांनी सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्लंडमधील जुन्या कपड्यांच्या व्यापाराचा अभ्यास केला, तर इना झ्वायनिगर-बार्गिलोव्स्का यांनी 'ऑस्टेरिटी इन ब्रिटन' (२०००) या ग्रंथात युद्धकालीन नियंत्रणांची चिकित्सा केली. या अभ्यासांमुळे सामान्य माणसाच्या कपाटालाही इतिहासाचे साधन म्हणून प्रतिष्ठा लाभली. प्रस्तुत लेखात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ब्रिटनमध्ये जुने कोट व जाकिटे नव्या मापाची करून घेण्याच्या प्रथेचा विचार केला आहे. कपड्यांच्या नियंत्रणाने निर्माण केलेली समानता प्रत्यक्षात किती खरी होती, हा या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकातील जुना कोट

लोकरी कोट ही मुळातच दीर्घायुषी वस्तू. कापड महाग आणि मजुरी स्वस्त असेपर्यंत तो टाकून देणे व्यवहार्य नव्हते. हेन्री मेह्यू यांच्या १८५१ च्या 'लंडन लेबर अँड द लंडन पुअर' या ग्रंथात लंडनमधील हाउंड्सडिच व पेटिकोट लेन परिसरातील जुन्या कपड्यांच्या बाजाराचे तपशीलवार वर्णन आढळते. फेरीवाला दारोदार हिंडून कोट गोळा करी. डागडुजी करणारे कारागीर त्याला रफू करीत आणि विटलेला रंग उजळीत. जो कोट प्रौढाच्या उपयोगाचा राहिला नसेल, त्याचा शाबूत भाग कापून मुलांचे कपडे अथवा टोप्या होत. त्यातूनही उरलेल्या चिंध्या यॉर्कशरमधील 'शॉडी' गिरण्यांकडे जात. जुन्या लोकरीचे तंतू सुटे करून पुन्हा सूत कातण्याची ही पद्धत बॅटली येथे बेंजामिन लॉ यांनी १८१३ च्या सुमारास रूढ केली, असे मानले जाते. लोकरीच्या चिंध्या केंटमधील हॉपच्या मळ्यांत खत म्हणूनही वापरल्या जात. अशा रीतीने कोट एकेक पायरी खाली उतरत अखेर मातीला मिळे. मात्र या व्यवहाराला दारिद्र्याची खूण चिकटलेली होती. अंगावर न बसणारा कोट हा तो परक्याचा असल्याचा उघड पुरावा ठरे. म्हणूनच 'माप' हा सौंदर्याचा तसाच सामाजिक पतीचाही प्रश्न होता.

१९४१ चे कापड नियंत्रण

१ जून १९४१ रोजी व्यापार मंडळाचे अध्यक्ष ऑलिव्हर लिटल्टन यांनी कपड्यांच्या नियंत्रित वाटपाची घोषणा केली. साठेबाजी होऊ नये म्हणून पूर्ण गुप्तता पाळण्यात आली. स्वतंत्र कुपन-पुस्तिका छापल्यास बातमी फुटली असती. त्यामुळे शिधापुस्तिकेतील मार्गारीनची २६ न वापरलेली कुपनेच आरंभी कपड्यांसाठी वापरात आणली गेली. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक प्रौढाला ६६ कुपने मिळाली. पुढे हा वाटा घटत गेला. पुरुषाच्या अस्तर लावलेल्या ओव्हरकोटास १६, जाकिटास १३ आणि स्त्रीच्या लांब लोकरी कोटास १४ कुपने लागत. जाकीट, वेस्टकोट व विजार असा लोकरी सूट घेतल्यास २६ कुपने खर्च होत. एक सूट आणि एक ओव्हरकोट घेताच वर्षाच्या वाट्यातील निम्म्याहून अधिक कुपने संपत, आणि पादत्राणे, सदरे, मोजे यांची गरज उरतेच.

या व्यवस्थेत दोन सवलती महत्त्वाच्या होत्या. वापरलेल्या कपड्यांना कुपने लागत नसत. तसेच शिवणदोरा व रफूची लोकर यांनाही सूट होती. जुना कोट आणि सुई-दोरा ही नियंत्रणाबाहेरची दोन साधने एकत्र आली, की नवा कोट निर्माण होऊ शकत होता. फेरबदलाच्या प्रथेला युद्धकाळात जे महत्त्व आले, त्याचे मूळ कारण येथे आहे. ह्यू डाल्टन व्यापार मंडळाचे अध्यक्ष असताना १९४३ मध्ये 'मेक डू अँड मेंड' ही पुस्तिका प्रसिद्ध झाली. तीत आहे त्यातच भागविण्याचे आणि डागडुजीचे धडे होते. गावोगावी शिवणाचे वर्ग भरू लागले. पूर्वी जी गोष्ट पडद्याआड केली जात होती, ती आता राष्ट्रकर्तव्य म्हणून गौरविली जाऊ लागली.

फेरबदलाचे तंत्र

या प्रथेचे सामाजिक स्वरूप समजण्यासाठी तिची तांत्रिक बाजू ध्यानात घेणे आवश्यक आहे. कोटाचे सर्वच भाग सारख्या सुलभतेने बदलता येत नाहीत. पाठीची मधली शिवण व बाजूच्या शिवणी आत घेऊन कंबर व छाती आटोपशीर करणे हे तुलनेने सोपे काम. कोट सैल करावयाचा असल्यास शिवणीच्या आत शिंप्याने किती जादा कापड ठेवले आहे, यावर सारे अवलंबून असते. बाहीची लांबी मनगटापाशी कमी करता येते, परंतु तेथे काजे असतील तर बाही मुंढ्यापासून उसवावी लागते. सर्वांत अवघड भाग खांद्याचा. खांदा बदलावयाचा तर कॉलर, बाही, अस्तर व आतील कॅनव्हास हे सर्वच हलवावे लागते. त्यामुळे जाणकार मनुष्य जुना कोट घेताना प्रथम खांदा पाहतो.

दुसरी पद्धत कोट 'उलटविण्याची'. शिवणी पूर्ण उसवून कापडाची झिजलेली बाजू आत आणि ताजी बाजू बाहेर घेतली जाई. यात एक चुगली मात्र राहून जाई : डावीकडचा छातीचा खिसा उजवीकडे येई आणि काजांची बाजूही बदले. जाणत्या नजरेला उलटविलेला कोट तत्काळ ओळखू येई.

पुरुषाच्या जाकिटातून स्त्रीचे जाकीट बेतण्याची पद्धत या काळात विशेष रूढ झाली. पती सैन्यात गेल्याने त्याचे नागरी कपडे घरात पडून होते. त्या काळी स्त्रियांच्या पोशाखातही रुंद, भरीव खांद्यांचा प्रघात असल्याने सर्वांत अवघड भाग काहीसा सुकर झाला. उर्वरित काम छातीपाशी टक्स घेणे, कंबर आत घेणे व बाही लहान करणे एवढे होते. असे असले तरी पती परतल्यावर त्याला अंगात घालावयास काय उरेल, हा प्रश्न प्रत्येक कात्रीमागे उभा होता.

नियमांशी झालेला संघर्षही बोलका आहे. १९४२ च्या काटकसर-आदेशांनी पुरुषांच्या सूटमधील खिसे व बटणे मर्यादित केली आणि विजारीच्या पायाशी दुमडपट्टी ठेवण्यास मनाई केली. तेव्हा काही ग्राहक मुद्दाम लांब विजार घेत आणि घरी आणून ती दुमडून शिवून घेत. पुरुषी पोशाखावरील हे निर्बंध १९४४ च्या आरंभी उठविण्यात आले.

समान कुपने, असमान कपाटे

कुपने धनिकाला व मजुराला सारखीच मिळत. या अर्थाने व्यवस्था न्याय्य होती. तथापि फेरबदलासाठी मुळात कपाटात काही असावे लागते. सधन कुटुंबाकडे युद्धपूर्व काळातील घट्ट विणीचे, शिवणीत भरपूर कापड ठेवलेले कोट होते. ते उलटविले तरी दहा वर्षे टिकत. मजुराचा स्वस्त तयार कोट पातळ कापडाचा आणि नेमक्या बेतणीचा. तो झिजला की दोन्ही बाजूंनी झिजे, आणि सैल करावयास शिवणीत काही उरलेले नसे. एकच पुस्तिका दोन घरांत वाचली गेली, पण तिचा उपयोग दोहोंना सारखा झाला नाही.

दुसरी विषमता श्रमाची. डिसेंबर १९४१ च्या कायद्याने वीस ते तीस वयाच्या अविवाहित स्त्रियांना राष्ट्रीय सेवा सक्तीची झाली. इतरही असंख्य स्त्रिया कारखान्यांत काम करीत होत्या. फेरबदलाचे आवाहन मुख्यतः त्यांनाच उद्देशून होते. कारखान्यातील पाळी संपवून रात्री उसवलेल्या शिवणींशी बसणाऱ्या स्त्रीच्या तासांची नोंद कोणत्याही कुपनात झाली नाही. शासनाने वाचविलेल्या कापडाची किंमत या विनामोबदला श्रमाने चुकती केली. १५ मार्च १९४९ रोजी कापड नियंत्रण उठले, तेव्हा स्त्रियांना जी सुटका वाटली असेल, तीत या श्रमापासूनची सुटकाही असणार.

महाराष्ट्राच्या संदर्भात

भारतातही १९४३ मध्ये सुती कापड व सूत नियंत्रण आदेश निघाला. परंतु येथील काटकसरीची परंपरा निराळी होती. धोतर वा लुगडे यांना माप नसते. ती जुनी झाली की त्यांची बाळाची झबली, दुपटी आणि अखेर गोधडी होते. आधीच्या माणसाच्या देहाचा आकार त्यांत उरत नाही. कोट इंग्रजी शिक्षण व कचेरीबरोबर येथील मध्यमवर्गात रुळला आणि त्याच्यासोबत मापाची चिंताही आली. सदऱ्याची झिजलेली कॉलर उलटवून घेणे हा मराठी घरांतील परिचित प्रकार त्याच शिवलेल्या वस्त्राच्या संस्कृतीचा भाग होय. न शिवलेले वस्त्र वाटून घेता येते, शिवलेले वस्त्र मात्र जिंकून घ्यावे लागते, हा भेद वस्त्रेतिहासाच्या तौलनिक अभ्यासासाठी महत्त्वाचा ठरतो.

निष्कर्ष

१. जुन्या कोटाचा फेरबदल ही एकोणिसाव्या शतकातील दारिद्र्याची खूण १९४१ नंतर राष्ट्रकर्तव्य म्हणून मांडली गेली. प्रथा तीच राहिली. तिचा सामाजिक अर्थ शासनाच्या गरजेनुसार बदलला.

२. कुपनांची समानता ही नव्या खरेदीपुरतीच मर्यादित होती. पूर्वसंचित कपड्यांतील विषमता तिच्या कक्षेबाहेर राहिली, आणि फेरबदलाच्या प्रथेने ती अधिक ठळक केली.

३. या काटकसरीचा मोठा भार स्त्रियांच्या अदृश्य श्रमावर पडला. नियंत्रणकाळाचा आर्थिक इतिहास लिहिताना वाचलेल्या कापडाच्या वारांबरोबर खर्ची पडलेल्या या तासांचाही हिशेब मांडणे आवश्यक आहे.