तोफा आणि दख्खनचे भुईकोट किल्ले
सोळाव्या शतकात तोफांचा वापर वाढल्यामुळे दख्खनमधील दुर्गबांधणीत जो पालट झाला, तो प्रामुख्याने भुईकोटांत दिसतो. गिरिदुर्गांना उंची व तुटलेले कडे यांचे नैसर्गिक संरक्षण असे. विजापूर, परांडा, सोलापूर, बीदर, रायचूर यांसारख्या मैदानी किल्ल्यांची भिस्त मात्र तट, बुरूज व खंदक यांवरच होती.

या पालटाचे कारण रायचूरच्या १५२० मधील वेढ्यात सापडते. कृष्णदेवरायाने इस्माईल आदिलशाहाचा पराभव करून हा किल्ला घेतला. पोर्तुगीज वृत्तांतकार नूनिझ याच्या मते किल्ल्यात तोफा विपुल होत्या. परंतु त्या उंचावर असल्यामुळे पायथ्याशी तटाचे दगड उपटणाऱ्यांना त्यांचा उपद्रव होईना. शिवाय विजयानगरच्या बाजूच्या पोर्तुगीज बंदूकधाऱ्यांनी शिबंदीला डोके वर काढू दिले नाही.

पुढे बुरूज अधिक रुंद व भरीव झाले. त्यांच्या माथ्यावर वर्तुळाकार चौथरा बांधून मध्यभागी फिरत्या खुंट्यावर तोफ बसवीत, म्हणजे ती हव्या त्या दिशेस वळविता येई. काही किल्ल्यांत मुख्य तटाबाहेर दुसरा, कमी उंचीचा तट उभारण्यात आला. विजापूरचा उपली बुरूज (१५८३) सुमारे २४ मी. उंच असून तो तटाच्या आत एकटाच उभा आहे. त्याला बाहेरून वळसा घालणारा जिना आहे. त्यावरील मोठी तोफ नऊ मीटरांहून लांब आहे. नळदुर्ग येथे इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या कारकीर्दीत (१६१३) बोरी नदीवर बंधारा घालून पाण्याचाही संरक्षणासाठी उपयोग करण्यात आला. त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल आहे.

प्रसिद्धी मात्र मुलूख मैदान तोफेला लाभली. मुहम्मद बिन हुसेन रूमी याने ती १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतली; १६३२ मध्ये ती परांड्याहून विजापूरला नेण्यात आली. सुमारे ५५ टन वजनाची ही तोफ वारंवार डागणे शक्य नव्हते. तिचा धाक तिच्या माऱ्यापेक्षा मोठा असावा. रक्षणाच्या दृष्टीने फिरता खुंटा अधिक मोलाचा होता.

नव्या तटांपुढे वेढा घालणाऱ्यांना अन्य उपाय योजावे लागले. अहमदनगरच्या १५९५–९६ च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग लावून तटास खिंडार पाडले. चांदबिबीने ते रातोरात बुजविले. १६०० मध्ये मात्र किल्ला पडला. विजापूर सतरा महिन्यांच्या वेढ्यानंतर १६८६ मध्ये उपासमारीने खचून शरण आले, तर गोवळकोंडा १६८७ मध्ये फितुरीने पडला. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या तोफांनी मारा सुरू करताच अहमदनगरचा किल्ला थोड्याच दिवसांत त्याच्या स्वाधीन झाला.