विंचच्या तोंडावरची नंबर प्लेट

पॅरिसच्या पोलीस खात्याने १४ ऑगस्ट १८९३ रोजी एक फर्मान काढलं. मोटारगाडीच्या मालकाने आपलं नाव, पत्ता आणि परवान्यावरचा क्रमांक धातूच्या पट्टीवर वाचता येईल अशा अक्षरांत लिहावा, पट्टी गाडीच्या डाव्या अंगाला लावावी आणि ती झाकली जाता कामा नये. तेव्हाच्या गाड्यांना बंपर नव्हते. बऱ्याचशा गाड्या म्हणजे घोडे काढून इंजिन बसवलेल्या बग्ग्याच होत्या. पण 'झाकली जाता कामा नये' ही अट जगभरच्या मोटार कायद्यांत उतरली ती कायमची. आज अमेरिकेतला जीपवाला बंपर बदलून पुढे विंच, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र, बसवतो आणि हातातली नंबर प्लेट आता कुठे लावायची म्हणून अडून बसतो, ते या अटीमुळेच.

पाटी समोर आली ती जरा सावकाश. न्यूयॉर्क राज्याने १९०१ मध्ये मालकाच्या नावाची आद्याक्षरं गाडीच्या मागे लावायला सांगितली. ती कशी बनवायची हे सरकारने ठरवलं नव्हतं, म्हणून कुणी चामड्याच्या तुकड्यावर धातूची अक्षरं ठोकली, तर कुणी गाडीवरच रंगवली. मॅसॅच्युसेट्सने १९०३ मध्ये सरकारतर्फे एनॅमलच्या पाट्या दिल्या. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९०४ पासून पुढे आणि मागे दोन्हीकडे क्रमांक सक्तीचा झाला. समोरून येणारी गाडी कुणाची हे पोलिसाला ती निघून जाण्याआधी कळायला हवं, हा त्यामागचा साधा विचार.

पाट्यांचे आकार मात्र राज्याराज्यांत वेगळे होते. कुठे लांबट, कुठे चौकोनी, कुठे राज्याच्या नकाशाच्या आकाराच्या. दुसऱ्या महायुद्धात पोलादाचा तुटवडा पडला तेव्हा इलिनॉयने सोयाबीनपासून केलेल्या पुठ्ठ्याच्या पाट्या काढल्या आणि जनावरं त्या चघळायला लागली. शेवटी १९५६ मध्ये अमेरिकेतली राज्यं, कॅनडाचे प्रांत आणि मोटार उत्पादक यांचं एकमत झालं: पाटी १२ इंच रुंद आणि ६ इंच उंच. हा निर्णय वाटतो त्यापेक्षा फार मोठा होता. माप ठरल्यामुळे कारखान्यांना बंपरमध्येच पाटीपुरती सपाट जागा आणि तयार भोकं ठेवता आली. पाटीला गाडीच्या तोंडावर हक्काची जागा मिळाली.

ती जागा हिरावून घेणारा बंपर वेगळ्याच घराण्यातला आहे. महायुद्धातल्या विलीज जीपला नागरी नंबर प्लेट नव्हतीच. नोंदणी क्रमांक बॉनेटच्या बाजूला रंगवलेला असे आणि तुकडीची खूण थेट बंपरवर पांढऱ्या अक्षरांत. युरोपात शत्रू रस्त्यावर मानेच्या उंचीला तार ताणून ठेवी, म्हणून सैनिकांनी पुढच्या बंपरवर लोखंडी अँगल उभा वेल्ड करून तार तोडायची सोय केली. जिथे जायचं तिथल्या संकटाकडे बघून बंपर घडवायची पद्धत तेव्हापासूनची.

युद्ध संपलं आणि शिलकी जीपा शेतकरी, शिकारी, खाणवाले यांच्या हाती आल्या. सिएटलजवळ आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये या जीपांसाठी पुढच्या चाकांचे लॉकिंग हब बनवायला सुरुवात केली. त्यांच्याच कंपनीने १९५९ मध्ये हौशी वाहनांसाठी विजेवर चालणारी विंच आणली. १९७४ मध्ये तिची ८००० पौंड ओढणारी ८२७४ ही विंच आली आणि चिखलात रुतलेली गाडी झाडाला दोर बांधून स्वतःच स्वतःला बाहेर काढू लागली. पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये टोनी ब्राउन यांनी कांगारूंच्या धडकेला तोंड देणारे बुल बार बनवायला घेतले. त्यांच्या पूर्ण नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून कंपनी 'एआरबी' झाली.

विंच असलेल्या बंपरची रचना पाहिली की पाटीची अडचण लगेच ध्यानात येते. आठ हजार पौंडांचा ताण पातळ पत्र्याला सोसत नाही, म्हणून जाड पोलादाचा बंपर थेट चेसिसला बोल्ट करतात. ताण चेसिसच्या दोन्ही दांड्यांवर सारखा यावा म्हणून दोर बाहेर पडतो तो बरोबर मधून. त्या तोंडाशी फेअरलीड असतं. हा मूळचा जहाजावरचा जिन्नस. दोर तिरका ओढला गेला तरी कडेला घासू नये यासाठीचा. पोलादी दोर असेल तर चार रोलरांची चौकट, धाग्याचा दोर असेल तर गुळगुळीत गोलसर कडांचा ॲल्युमिनियमचा तुकडा. म्हणजे कारखान्याने जिथे पाटीची जागा ठेवली होती, नेमकं तिथेच विंचचं तोंड आलं.

बंपर बदलणाऱ्यांनी मग सगळे उपाय करून पाहिले. कुणी पाटी काचेमागे डॅशबोर्डवर ठेवली. कॅलिफोर्नियात ते चालत नाही, कारण तिथला कायदा पाटी वाहनाला घट्ट बसवलेली मागतो. टेक्सासमध्ये समोरची पाटी नसेल तर दंड २०० डॉलरपर्यंत जातो. कुणी बंपरच्या एका कडेला भोकं पाडून पाटी तिथे लावली. आल्फा रोमिओच्या गाड्यांवर मधल्या जाळीमुळे पाटी वर्षानुवर्षं अशीच बाजूला बसत आली, पण दगडांतून जाणाऱ्या जीपची कडा आधी आपटते आणि पाटी पहिल्याच घसरणीत दुमडते. बंपरखाली टांगावी तर चढाला लागताना तीच जमिनीला लागते.

टिकलेली युक्ती दोन प्रकारची आहे. रोलर असतील तर त्यांच्या मधल्या फटीत घट्ट बसणारा तुकडा घालतात, त्याला पाटी जोडलेली. विंच लागली की सगळं उपसून गाडीत ठेवायचं. दुसरी युक्ती बिजागरीची, आणि तीच अधिक चांगली. पाटीमागच्या पोलादी पत्र्याला दोन मापांची भोकं असतात: अमेरिकन पाटीची वरची भोकं एकमेकांपासून ७ इंचांवर, तर नेहमीच्या फेअरलीडचे बोल्ट १० इंचांवर. पत्रा फेअरलीडच्याच बोल्टांवर बसतो, त्यामुळे नव्या बंपरला एकही भोक पाडावं लागत नाही. वरच्या कडेला बिजागरी. पाटी वर उचलली की दोराचं तोंड मोकळं.

बिजागरी अमेरिकन गाड्यांना नवी नव्हती. साठ-सत्तरच्या दशकांतल्या कितीतरी गाड्यांत पेट्रोल भरायचं तोंड मागच्या पाटीआड असे आणि पाटी स्प्रिंगवर खाली ओढावी लागे. तरी पुढच्या बिजागरीत एक काळजी घ्यावीच लागते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात पाटी हेलकावे खाता कामा नये, अक्षरं सरळ आणि स्पष्ट दिसावीत आणि पुढची पाटी जमिनीपासून ६० इंचांपेक्षा वर नसावी असं लिहिलेलं आहे. म्हणून चांगल्या ब्रॅकेटला कडक स्प्रिंग किंवा खिटी असते. स्वस्तातली सैल बिजागरी खडबडीत वाटेवर थडथडते, बोल्ट ढिले होतात आणि पाटी वाटेतच कुठेतरी पडते. पत्र्याची कडा धारदार राहिली तर धाग्याचा दोर कापला जातो, आणि ताणलेला दोर तुटणं जीवावर बेतू शकतं.

आता काही राज्यांनी पुढची पाटीच रद्द केली आहे. ओहायोत १ जुलै २०२० पासून ती लागत नाही. मात्र निम्म्याहून अधिक राज्यांत अजून दोन पाट्या सक्तीच्या आहेत.

महाराष्ट्राचं जीपशी जुनं नातं आहे. महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी मुंबईत सुरू केली, आणि २०२१ पासून जीप रँग्लर पुण्याजवळच्या रांजणगावात जोडली जाते. त्यामुळे अमेरिकेतले विंच बंपर आणि त्यांचे ब्रॅकेट इथल्या हौशी मंडळींच्याही नजरेत भरतात. इथे मात्र गणित वेगळं आहे. आपली हाय सिक्युरिटी पाटी ५०० बाय १२० मिलिमीटरची, म्हणजे १० इंचांच्या बोल्टांवर बेतलेल्या ब्रॅकेटवर ती दोन्ही बाजूंना सुमारे १२ सेंटीमीटर बाहेर येते. ती एकदाच बसणाऱ्या स्नॅप लॉकने लावतात. उपसून काढता येणाऱ्या ब्रॅकेटवर ती लावली तर त्या लॉकचा हेतूच उरत नाही. आणि बंपरचा प्रश्न तर त्याआधीचा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार देत परवानगीशिवाय बसवलेल्या क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं आहे. एअरबॅग असलेल्या गाडीत धडकेचा संदेश सेन्सरपर्यंत कसा पोहोचतो, हेही पोलादी बंपरमुळे बदलू शकतं. तेव्हा परदेशी बंपर आणि त्यासोबतचा सुबक ब्रॅकेट मागवण्याआधी आरटीओत जाऊन विचारा, आणि आपली पाटी त्यावर पूर्ण दिसते का हे टेप लावून मोजून घ्या.