ठाणावरचा आंकडा

इ. स. १८७० मध्यें जलंब ते खामगांव हा अवघ्या आठ मैलांचा लोहमार्ग सुरू झाला आणि त्याच्या उद्घाटनासाठीं खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो वऱ्हाडांत आले. एवढ्याशा फांट्यासाठीं हिंदुस्थानच्या राजप्रतिनिधीनें ही तसदी कां घ्यावी, याचें उत्तर खामगांवच्या कापसाच्या बाजारांत होतें. निजामानें १८५३ च्या तहान्वयें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं दिलें. पुढें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर या काळ्या जमिनीवर खिळली. कापूस लौकर मुंबईस पोंचावा म्हणून रूळ आले. परंतु रूळ दोन्ही दिशांना जातात. गाड्या रुईच्या गासड्या घेऊन गेल्या आणि परततांना विलायती कापडाचीं ठाणें घेऊन आल्या.

हा केवळ योगायोग नव्हता. या भागाचे कापूस-कमिशनर रिव्हेट-कार्नॅक यांनीं त्या सुमारास सरकारला स्पष्ट लिहिलें होतें कीं, आगगाडीनें युरोपांतील कापड स्वस्त झालें म्हणजे देशी कापड मागें पडेल, घरीं कातला जाणारा कापूस निर्यातीस मोकळा होईल आणि सूत कातणारे व विणणारे हात शेतीच्या मजुरीस मिळतील. एका समाजाचा धंदा बुडणें ही त्या हिशेबांत जमेची बाजू होती!

विणकर मागें पडला, तेव्हां त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली. कोष्ट्याकडून लुगडें घेणाऱ्या कुणबिणीला चिठ्ठीची गरज नव्हती. कापड विरलें, आंखूड निघालें, तर पुढच्या आठवड्याच्या बाजारांत तोच माणूस त्याच जागीं सांपडत असे. त्याचा चेहरा हीच त्याची हमी. सात समुद्रांपलीकडे विणलेल्या ठाणाला मात्र चेहरा नव्हता. चेहऱ्याऐवजीं आलें तें तिकीट, म्हणजे ठाणावर चिकटविलेलें देवदेवतांचें वा हत्तीघोड्यांचें रंगीत चित्र. अक्षरशत्रु गिऱ्हाईकही त्या चित्रावरून माल ओळखी. परंतु ठाण किती वार आहे, हें कोणतेंही चित्र सांगत नाहीं. कापडांत चिनी मातीची खळ भरून तें जड करण्याची युक्ति त्या काळीं बदनाम झालेली होती आणि असें कापड एका धुण्यांत आपलें खरें रूप दाखवी.

कायदा आला तो मात्र या गिऱ्हाइकाच्या हांकेनें नव्हे. शेफील्डच्या सुरीकातरीवाल्यांची तक्रार होती कीं, जर्मनींतील माल इंग्रजी छाप मारून खपविला जातो. त्या ओरडीनें १८८७ मध्यें ब्रिटिश पार्लमेंटनें व्यापारी चिन्हांचा कायदा केला. फसव्या खुणेचा माल बंदरांत उतरूं द्यावयाचा नाहीं, असें त्याचें मर्म. ‘जर्मनींत बनलेलें’ ही खूण तेथून जगभर पसरली. ती माल हिणवण्यासाठीं होती, पण माल चांगला निघाल्यामुळें तीच पुढें जाहिरात ठरली.

दोन वर्षांनीं, १८८९ सालीं, त्याच धर्तीचा चौथा कायदा हिंदुस्थानांत झाला. त्यांत कापडासाठीं एक स्वतंत्र नियम होता: लांबीवर किंवा ठाणानें विकल्या जाणाऱ्या परदेशी कापडावर खऱ्या लांबीचा आंकडा, वारांत, ठळकपणें छापलेला असावा. नसेल तर तो माल बंदरांतच अडे. वऱ्हाड तेव्हां ब्रिटिश मुलखाचा पूर्ण भाग नव्हतें, पण तेथला विलायती माल मुंबईवरून येई, म्हणून नियमाची चाळणी आपोआप तेथें लागली.

नियम चांगला होता. आंखूड ठाण आतां वादाचा विषय राहिलें नाहीं, तें पुराव्याचा विषय झालें. परंतु त्यांतील एक शब्द विचार करण्याजोगा आहे. हा आंकडा ‘इंग्रजी अंकांत’ असावा, असें कायदा सांगे. चिखली-मेहकरच्या ज्या शेतकऱ्याला कुळकर्ण्याच्या दप्तरांतले मराठी आंकडे कसेबसे ओळखूं येत, त्याच्यासाठीं हा आंकडा चित्रासारखाच मुका होता. तो वाचणारा दुकानदार, घाऊक व्यापारी आणि कस्टमचा कारकून. अंगावर वस्त्र नेसणारा माणूस त्या वाचकांत धरलेलाच नव्हता.

१९०५ मध्यें दोन गोष्टी घडल्या. खामगांव व जळगांव हे तालुके अकोल्यांतून बुलढाणा जिल्ह्यांत आले, आणि स्वदेशीची चळवळ उसळली. लांबीसाठीं व मालकीसाठीं छापलेल्या खुणेला निराळाच अर्थ आला. माल कोठला, हें पाहून लोक तो टाकूं लागले. ठाणावरची खूण प्रथमच गिऱ्हाइकाच्या बाजूनें बोलली.

बाहेर जाणाऱ्या मालाचीही कथा ऐकण्याजोगी आहे. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्यानें प्रत्येक गासडीवर कारखान्याची ठराविक खूण व अनुक्रमांक घालणें सक्तीचें झालें. लिव्हरपूलच्या खरेदीदाराला भेसळीचा माग थेट कारखान्यापर्यंत काढतां येऊं लागला. कारखान्यापलीकडे मात्र ती खूण जात नसे. ज्याच्या शेतांत बोंड फुटलें त्याचें नांव कोणत्याही गासडीवर आलें नाहीं.

स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या कायद्यानें १८८९ चा कायदा रद्द केला. कापडावरील आंकड्याचा नियम टिकला, पण १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यांत त्या आंकड्यांचें नांव पालटलें आहे: ‘भारतीय अंकांचें आंतरराष्ट्रीय रूप’! आंकडे तेच, ते मूळचे येथलेच होते, ही कबुली मात्र नवी.

खरा पालट निराळ्या वाटेनें आला. १९७६ चा वजनमापांचा कायदा व १९७७ चे आवेष्टित वस्तूंचे नियम यांनीं प्रथमच गिऱ्हाइकाला मध्यभागीं ठेवलें. २४ नोव्हेंबर २००० च्या अधिसूचनेनें परदेशांतून येणाऱ्या बंद पुड्यांनाही हेच नियम लागूं केले. कारण १ एप्रिल २००१ पासून आयातीवरील संख्येचीं उरलेलीं बंधनें उठणार होतीं. आतां २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा व २०११ चे नियम चालतात. आयातदारानें नव्वद दिवसांच्या आंत नोंदणीसाठीं अर्ज करावा. पुड्यावर त्याचें नांव-पत्ता, मूळ देश, वस्तूचें नांव, निव्वळ वजन वा माप, महिना व वर्ष, करांसह कमाल किंमत आणि तक्रारीचें ठिकाण असावें. यांत सर्वांत मोलाची गोष्ट आयातदाराचा पत्ता. कारखानदार परदेशांत असला तरी जाब विचारण्यासाठीं एक माणूस याच देशांत उभा केला आहे. खामगांवच्या कोष्ट्याबरोबर गेलेला चेहरा कायद्यानें, लहानशा अक्षरांत कां होईना, परत आणला.

तरी जुना प्रश्न पुरता मिटलेला नाहीं. हा मजकूर देवनागरी हिंदींत किंवा इंग्रजींत असावा, असें नियम म्हणतो. दोहोंपैकीं एक पुरेसें. बहुतेक पुडे इंग्रजीच बोलतात. बाजाराच्या दिवशीं शेगांवांत वा मलकापुरांत तान्ह्या मुलासाठीं परदेशी डबा घेणारी आई त्यावरील महिना वाचूं शकते कीं नाहीं, यावर त्या साऱ्या नियमांचें मोल ठरतें. ठाणावर आंकडा छापून सव्वाशेहून अधिक वर्षें लोटलीं. छापणाऱ्याचें कर्तव्य कायद्यानें पुष्कळसें ठरविलें. वाचणाऱ्याची सोय पाहणें अजून बाकी आहे. आणि जो सुशिक्षित ती बारीक अक्षरें वाचूं शकतो, त्यानें दुकानांत उभें राहून तीं शेजारच्या माणसाला मोठ्यानें वाचून दाखवावीं, एवढें तरी त्याच्या हातीं आहेच.